थेंबांनी निवळलेला डोळा

डोळा लाल झाला म्हणून घरात कोणी घाबरत नाही. छातीत कळ आली, अंगावरून जास्त गेले, गिळताना घास अडकू लागला, तर बोलणे तरी होते. लाल डोळ्याला मात्र प्रत्येकाजवळ कारण तयार असते. वळसंगच्या शिवारात तूर-ज्वारीची मळणी सुरू झाली की भुसा उडतो. मागावर बसणाऱ्याच्या डोळ्यात सुताची लव जाते. सोलापूरहून अक्कलकोटकडे येताना वळसंगच्या आधी कुंभारी लागते. तिथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगारांची मोठी वसाहत आहे. विडी वळणाऱ्या बाईच्या सुपात तंबाखूची भुकटी असते आणि त्याच बोटांनी ती डोळा चोळते. चुलीचा धूर आहेच. मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, तेव्हा ‘उष्णता झाली’ एवढे म्हटले की सगळ्यांचे समाधान होते.

यातले एकही कारण खोटे नाही. शंभर लाल डोळ्यांतले बहुतेक अशाच साध्या कारणांनी लाल होतात आणि बरेही होतात. अडचण उरलेल्या थोड्या डोळ्यांची आहे. त्यांच्या पृष्ठभागावर किंवा पापणीच्या आत कर्करोग वाढत असतो. बाहेरून तो जुनाट डोळे आल्यासारखा, कधी वडस, म्हणजे बुबुळावर चढणारा मांसल पडदा, वाढल्यासारखा, कधी पुन्हा पुन्हा होणाऱ्या रांजणवाडीसारखा दिसतो. गावात येणारा बहुरूपी पोलिसाच्या वेषात दारात उभा राहिला की नवखा माणूस क्षणभर दचकतो. इथे उलटे घडते. सोंग इतके ओळखीचे आणि निरुपद्रवी असते की कोणीही दचकत नाही.

ही पुस्तिका त्या थोड्या डोळ्यांसाठी आहे. ती नेत्रतज्ज्ञांसाठी लिहिलेली नाही. त्यांच्याकडे जाडजूड ग्रंथ आहेत. ती आशा कार्यकर्ती, परिचारिका, गावात दवाखाना चालवणारे डॉक्टर, मेडिकलच्या काउंटरमागे उभा असलेला माणूस आणि घरातली शिकलेली सून किंवा मुलगा यांच्यासाठी आहे, कारण असा डोळा सर्वांत आधी यांच्यासमोर येतो. तज्ज्ञापर्यंत पोहोचायला त्याला कित्येकदा वर्ष उलटते. त्या वर्षात काय घडते हे कळावे, हा या प्रस्तावनेचा हेतू.

या फसवणुकीला वैद्यकशास्त्रात नाव मिळाले ते १९६७ साली. फ्रेडरिक थिओडोर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. जुनाट नेत्रदाह समजून दीर्घकाळ उपचार होत राहिलेल्या डोळ्यात प्रत्यक्षात नेत्रश्लेष्मेचा कर्करोग निघाला होता. त्यांनी अशा रोगाला ‘सोंग घेणारा’ म्हटले, आणि आज नेत्रविज्ञानात सूज असल्याचे भासवणाऱ्या सगळ्याच कर्करोगांना तेच नाव लावले जाते. थिओडोर यांच्यानंतर तपासणीची साधने कितीतरी सुधारली. फसवणुकीची रीत मात्र जशीच्या तशी राहिली, कारण ती रोगाच्या स्वभावात आहे आणि थोडीफार आपल्या औषधोपचाराच्या सवयीतही आहे.

आधी रोगाचा स्वभाव पाहू.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतून एक पातळ, पारदर्शक, ओलसर अस्तर असते. त्याला नेत्रश्लेष्मा म्हणतात. बुबुळाच्या काळ्या गोलाभोवती, जिथे काळे संपून पांढरे सुरू होते, तिथे एक अरुंद पट्टा आहे. बुबुळावरच्या पेशी झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या पेशी पुरवणाऱ्या मूळपेशी याच पट्ट्यात राहतात. सतत विभागणाऱ्या पेशी आणि वर्षानुवर्षांचे ऊन एकाच जागी एकत्र येतात. बाजूने येणारा प्रकाश बुबुळाच्या उंचवट्यातून वाकतो आणि नाकाकडच्या कडेवर एकवटतो, असेही मांडले गेले आहे. वडस बहुतेकदा नाकाच्या बाजूने का वाढतो, याचे ते एक स्पष्टीकरण. डोळ्याच्या पृष्ठभागाचा स्क्वेमस पेशींचा कर्करोग आणि त्याच्या आधीच्या अवस्थाही बहुतेकदा याच पट्ट्यात, उघड्या पापण्यांच्या फटीत सुरू होतात. दिसायला तो लहानसा, जेलीसारखा किंवा खरखरीत उंचवटा असतो. त्यावर कधी पांढरा पापुद्रा जमतो आणि जवळ एक-दोन जाड, वळसेदार रक्तवाहिन्या त्याला पोसताना दिसतात. आपल्याकडच्या सावळ्या-काळ्या रंगाच्या माणसांत तो पुष्कळदा तपकिरी असतो, म्हणून ‘जन्मापासूनचा डाग आहे’ असे म्हणून सोडून दिला जातो.

उंचवटा असेल तर तो निदान कोणाच्या तरी नजरेत भरतो. खरी फसवणूक होते ती पसरट प्रकारात. त्यात गाठ नसतेच. पेशी अस्तरातच सपाट पसरत जातात. डोळा लालसर, थोडा जाडसर, पाणावलेला राहतो, खुपतो. टॉर्चच्या उजेडात तो जुन्या नेत्रदाहापेक्षा वेगळा दिसत नाही. काही रुग्णांत तर तो डोळ्याच्या पांढऱ्या कवचाची तीव्र सूज म्हणून समोर येतो, आणि अशी सूज संधिवातातही येते म्हणून संधिवाताच्या तपासण्या सुरू होतात.

दुसरा रोग पापणीत लपतो, आणि माझ्या मते आपल्या भागात तोच अधिक घातक आहे. पापणीच्या कडेला डोळ्यावर तेलाचा थर सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्यांतली एखादी तुंबली की गाठ येते. लोक तिलाही रांजणवाडीच म्हणतात. शेक दिला, मलम लावले, नाहीच गेली तर डॉक्टरांनी छोटा छेद घेऊन ती साफ केली. तरुण माणसात हे अगदी रोजचे. पण पन्नाशी-साठीच्या माणसात, विशेषतः बाईत, वरच्या पापणीत त्याच जागी गाठ दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येते, तेव्हा ती तेलग्रंथीचा कर्करोग असू शकते. हा रोगही कधी गाठ न करता पापणीच्या आतल्या अस्तरात एकेक पेशी पेरत जातो. मग एका डोळ्याची पापणी जाडजूड, लाल, चिकट होते आणि त्या जागेच्या पापण्यांचे केस झडतात. केस झडणे ही खूण मी वारंवार सांगतो, कारण ती पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही. साध्या रांजणवाडीने केस सहसा झडत नाहीत. पापणीच्या कडेत काहीतरी मुळाशी खात असेल तर झडतात.

इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी या रोगाबाबत आपले नुकसान केले आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे. गोऱ्या लोकांच्या देशांत पापणीच्या दहा कर्करोगांपैकी आठ-नऊ बेसल पेशींचे असतात आणि तेलग्रंथीचा कर्करोग तिथे दुर्मीळ. म्हणून पुस्तकात तो ‘दुर्मीळ’ या सदरात जातो आणि आपली मुले परीक्षेत तेच लिहितात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने स्वतःकडच्या पापणीच्या कर्करोगांची मोजदाद प्रसिद्ध केली, तर निम्म्याहून अधिक तेलग्रंथीचेच निघाले. सोलापूर, अक्कलकोट, कलबुर्गी या पट्ट्यातली माणसे डोळ्याच्या अवघड दुखण्यासाठी हैदराबादची गाडी पकडतात. तिथल्या आकड्यांत ती माणसेही मिसळलेली असणार. त्यामुळे ज्याला पुस्तक दुर्मीळ म्हणते, तो इथल्या डॉक्टरच्या मनात पापणीच्या गाठीबाबत पहिल्या दोन-तीन शंकांत असायला हवा.

तिसरा, लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, थोडक्यात. खालची पापणी ओढून पाहिली तर आतल्या वळचणीत अस्तराखाली गुलाबी-नारिंगी, मऊ, न दुखणारा जाडसर पट्टा दिसतो. ॲलर्जी समजून कित्येक महिने थेंब चालू राहतात. हा रोग सहसा सावकाश वाढतो आणि कमी मात्रेच्या किरणोपचारानेही पुष्कळदा आटोक्यात येतो.

आता आपल्या सवयीकडे येऊ, कारण रोगाला वेळ मिळतो तो तिथे.

मेडिकलमध्ये डोळ्याच्या थेंबांच्या ज्या बाटल्या सर्वाधिक खपतात, त्यांतल्या पुष्कळांत जंतुनाशकाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले असते: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन. कायद्याने हे थेंब चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण गावात चिठ्ठी एकदा मिळाली की ती वर्षभर चालते. कधी चिठ्ठीची जागा रिकामी बाटली घेते. पुढचे चित्र कोणा एकीचे नाही, अनेकींचे मिळून आहे. साठीची आजी काउंटरवर येते आणि म्हणते, “बाळा, मागच्या टायमाला दिलतास की, ते पांढऱ्या टोपणाचं, तेच दे.” पोरगा विचारतो, “आजी, फरक पडला व्हता का त्येनं?” ती म्हणते, “पडला की. चार दिवसांत लाली गेली बघ. बंद केलं की पुन्ना येतंय.”

त्या दोन वाक्यांत सगळा रोगेतिहास आहे. कर्करोगाभोवती शरीर स्वतःची सूज उभी करते. रक्तवाहिन्या फुगतात, पाणी येते, खुपते. स्टेरॉइड ती सूज उतरवते. लाली जाते, खुपणे थांबते आणि डोळा निवळतो. खालच्या पेशींना मात्र धक्का लागलेला नसतो. त्या आपल्या गतीने पसरत राहतात. थेंब बंद झाले की सूज परत येते, आणि रुग्णाचा समज पक्का होतो की हे दुखणे त्याच थेंबाने बरे होणारे आहे. लिम्फोमात तर स्टेरॉइड खुद्द रोगाच्या पेशींनाही काही काळ मारते. गाठ खरोखर लहान होते आणि त्याच वेळी तुकडा काढला तर निदानही हुकू शकते. म्हणजे फरक पडला, ही जी खूण आपण बरे होण्याची धरतो, तीच इथे दिशाभूल करते. याशिवाय महिनोन्महिने स्टेरॉइडचे थेंब घातल्याने डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर पिकतो. एका रोगाने जितकी दृष्टी जायची, त्यापेक्षा थेंबांनी जास्त जाते, असेही घडते.

मला दोष मेडिकलवाल्यावर ढकलायचा नाही. आजीला सोलापूरला जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, बरोबर कोणीतरी यावे लागते, आणि तिथे रांगेत उभे राहून हाती पडतात ते पुन्हा थेंबच. काउंटरवरचा पोरगा तिच्या दारापासून शंभर पावलांवर आहे आणि तिच्या बोलीत बोलतो. वळसंगच्या बाजूला कितीतरी घरांत कन्नड बोलली जाते, तर तो कानडीतही विचारतो. त्याला या साखळीतून वगळून काहीही साधणार नाही. त्याला एक प्रश्न शिकवला तर पुष्कळ साधेल: ‘आजी, ही बाटली कितवी?’

आपण लाल डोळ्याकडे इतक्या सैलपणे का पाहतो, याला इतिहासही आहे. कित्येक पिढ्या या देशातला जुनाट लाल डोळा म्हणजे खुपऱ्या. पापण्यांच्या आत खरखर, वारंवार संसर्ग, शेवटी पापणी आत वळून बुबुळावर घासणारे केस. खुपऱ्या इतक्या सर्रास होत्या की म्हाताऱ्या माणसाच्या लाल, जाड पापणीला दुसरे कारण शोधायची कोणाला गरज वाटली नाही. सरकारी प्रयत्न, पाणी, स्वच्छता आणि जंतुनाशके यांनी खुपऱ्या हटल्या. २०१७ साली भारत संसर्गजन्य खुपऱ्यांपासून मुक्त झाल्याचे सरकारने जाहीर केले आणि २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्या संपल्याचे मान्य केले. पण जुनी नजर हटलेली नाही. ज्या रोगाच्या खात्यावर आपण म्हाताऱ्यांचे लाल डोळे जमा करत होतो, तो रोग गेला, तर ते डोळे आता कोणत्या खात्यावर जमा करायचे? हा प्रश्न आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत जितक्या निकडीने विचारला जावा तितका विचारला जात नाही.

शिबिरांचेही तसेच. कर्नाटकातल्या डॉ. एम. सी. मोदींनी गावोगाव शिबिरे घेऊन मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि अंधत्व ही गावात येऊन सोडवता येणारी गोष्ट आहे असा विश्वास जागवला. १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याचाही मुख्य रोख मोतीबिंदूवर राहिला, आणि ते योग्यच होते. अंध माणसांत सर्वाधिक मोतीबिंदूचेच होते. याचा परिणाम असा की शिबिरातली तपासणी ‘मोतीबिंदू आहे की नाही’ या प्रश्नाभोवती फिरते. पापणी उलटून पाहायला वेळ नसतो. मोतीबिंदूबरोबर वडस असेल तर तो काढून टाकला जातो आणि कापसाच्या बोळ्याबरोबर कचऱ्यात जातो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये लॉरेन्स हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी काढलेले वडस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा जवळजवळ १० टक्क्यांत कर्करोगाच्या किंवा त्याच्या आधीच्या अवस्थेतल्या पेशी आढळल्या. तिथले ऊन जगातल्या सर्वांत कडक उन्हांपैकी एक. इतर ठिकाणचे प्रमाण त्याहून कितीतरी कमी आले. पण आपले प्रमाण कळायचे तर वडस आधी तपासणीच्या बाटलीत जायला हवा.

उन्हाचा विषय निघाला आहे तर त्याबद्दल एक ठोस गोष्ट. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये निरनिराळ्या देशांच्या कर्करोग नोंदींवरून डोळ्याच्या स्क्वेमस कर्करोगाचे प्रमाण तपासले गेले. विषुववृत्तापासून दर १० अक्षांश दूर गेले की प्रमाण जवळपास निम्मे होते, असे आढळले. युगांडात दरवर्षी १० लाख लोकसंख्येमागे सुमारे १२ रुग्ण, तर ब्रिटनमध्ये ०.२ पेक्षाही कमी. सोलापूर साधारण साडेसतरा अक्षांशावर आहे, पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे, आकाश वर्षातले बरेच महिने निरभ्र असते. शेतमजूर बाई डोक्यावर पदर घेते, पुरुष टॉवेल गुंडाळतो. डोळ्यावर सावली यायची तर कडेची टोपी हवी किंवा गॉगल. गॉगल घालून खुरपायला बसलेल्या बाईला गाव हसेल, हे मला ठाऊक आहे. तरी पुस्तिकेत ते लिहिले आहे. कधीतरी हसणे थांबेल.

ऊन सगळ्यांवर पडते, रोग थोड्यांनाच होतो. वय, तंबाखू ओढणे, काही ठिकाणी मानवी पॅपिलोमा विषाणू, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रतिकारशक्ती. १९९० च्या दशकात रवांडा, युगांडा या देशांत तरुण माणसांत हा कर्करोग अचानक वाढला आणि त्याचा एचआयव्हीशी संबंध उघड झाला. महाराष्ट्राने आणि शेजारच्या उत्तर कर्नाटकाने एचआयव्हीचा मोठा भार सोसला आहे. हैदराबादच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद केली आहे ज्यांचा एचआयव्ही डोळ्यातल्या या गाठीमुळेच पहिल्यांदा कळला. म्हणून पन्नाशीच्या आतल्या माणसाच्या डोळ्यात अशी गाठ दिसली तर एचआयव्ही चाचणीचा सल्ला द्यावाच लागतो. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात ती मोफत होते आणि उपचारही मोफत आहेत. २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. आशाताईंना एक कळकळीची विनंती: डोळ्याच्या गाठीवरून कोणाबद्दल गावात कुजबुज सुरू होईल असा एक शब्दही बोलू नका. ज्यांना ही गाठ होते त्यांतल्या अनेकांना एचआयव्ही नसतो, आणि ज्यांना असतो त्यांना कुजबुजीच्या भीतीने दवाखाना सोडावा लागू नये.

आणि मुले. काही मुलांना जन्मतःच उन्हाने झालेली पेशींची इजा दुरुस्त करता येत नाही. दोन-तीन वर्षांचे मूल उजेडात डोळे मिटून घेते, चेहऱ्यावर दाट तीळ-ठिपके येतात, डोळे सतत लाल राहतात. शाळेत जायच्या वयात डोळ्यावर किंवा त्वचेवर कर्करोग होऊ शकतो. झेरोडर्मा पिग्मेंटोसम हे त्याचे नाव. आईवडील दोघांकडून तोच बिघडलेला जनुक आला तरच हा आजार होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. आपल्या भागात मामाच्या मुलीशी, काही समाजांत मामा-भाचीचेही, लग्न होते. ही नाती जोडणाऱ्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. लेक परक्या घरी न जावो हीच त्यामागची माया असते. पण घरात असे एक मूल असेल तर पुढच्या मुलांना जन्मल्यापासून उन्हापासून जपता येते, आणि त्याने आयुष्य वाढते. एवढी माहिती त्या घराला मिळायलाच हवी.

केवळ माहितीने काय होते, असे कोणी विचारेल. उत्तरासाठी लांब जायला नको. सोलापूर जिल्ह्यातच बार्शी आहे. तिथे डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागात कर्करोग रुग्णालय उभे केले, आणि १९८७ साली टाटा स्मारक रुग्णालयाच्या मदतीने देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावागावांत कार्यकर्ते जात, नोंदी घेत, आणि बायकांशी बोलत: अंगावरून पांढरे जाणे, मध्येच रक्त जाणे ही लक्षणे लपवू नका, दाखवा. त्या वेळी मोठ्या प्रमाणावर तपासणीची यंत्रणा नव्हती. तरी काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली हा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. पुढे त्याच मंडळींच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लाखाहून अधिक बायकांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. पॅपिलोमा विषाणूच्या एकाच चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्याने जगाला दाखवले.

डोळ्याचा कर्करोग गर्भाशयमुखाच्या कर्करोगाइतका सर्रास नाही, त्यामुळे गावोगाव त्याची चाचणी घेत फिरणे शहाणपणाचे होणार नाही. पण बार्शीचा पहिला धडा इथे थेट लागू पडतो. तिथल्या बायका लक्षण ओळखायला शिकल्या आणि लवकर आल्या. इथे तर लक्षण चेहऱ्यावर आहे. ते पदराआड नाही, सांगायला लाज वाटण्यासारखे नाही. रोज समोर बसणाऱ्या माणसाला दिसते. इतका उघड्यावर असलेला कर्करोग उशिरा सापडावा, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे.

लवकर सापडला तर हातात काय असते, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे; इथे आशा वाटावी इतकेच. पृष्ठभागावरची लहान गाठ आजूबाजूच्या सुमारे ४ मिलिमीटर निरोगी दिसणाऱ्या अस्तरासह, गाठीला अवजाराचा स्पर्श न होऊ देता काढतात, कडांना अतिथंड उपचार देतात, आणि उघड्या जागेवर गर्भवेष्टनाचे पातळ आवरण बसवतात. पसरट रोगात सुरीची गरजही कित्येकदा पडत नाही. फ्लुरोयुरॅसिल, मायटोमायसिन किंवा इंटरफेरॉन यांचे थेंब ठरावीक आवर्तनांत घालून तो घालवता येतो. यांतले फ्लुरोयुरॅसिल स्वस्त आहे. म्हणजे ज्या डोळ्यात वर्षभर चुकीचे थेंब पडले, तो वेळेवर ओळखला असता तर कदाचित योग्य थेंबांनीच वाचला असता. तेलग्रंथीच्या कर्करोगात पापणीचा भाग काढून नव्याने घडवावा लागतो, कानापुढच्या आणि मानेतल्या गाठी तपासाव्या लागतात. उशीर झाला की या सगळ्याऐवजी खोबणीसकट डोळा काढणे उरते, आणि तेलग्रंथीच्या रोगात जिवाचीही खात्री राहत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली नीट तपासणी आणि तुकड्याची परीक्षा व्हायला मुंबई गाठावी लागत नाही.

तुकड्याबद्दल थोडे अधिक. गावात समज आहे की गाठीला सुरी लागली की रोग भडकतो. या भीतीने माणसे तुकडा देत नाहीत, आणि डॉक्टरही आग्रह सोडतात. खरे तर तुकड्यावाचून या रोगांचे निदान पक्के होत नाही. डोळ्याच्या पुढच्या भागाचा स्कॅन, रोझ बेंगाल रंगाने डाग उमटवणे, पृष्ठभागावरच्या पेशी कागदावर उचलून पाहणे, ही सगळी उपयोगी साधने आहेत. शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा. पसरट रोगात एका जागेचा तुकडा पुरत नाही, ठिकठिकाणचे बारीक तुकडे घ्यावे लागतात. तेलग्रंथीच्या कर्करोगाची शंका असेल तर ती पॅथॉलॉजिस्टला आधी कळवावी लागते, कारण नेहमीच्या प्रक्रियेत पेशींतली चरबी विरघळून जाते आणि रोग दुसऱ्याच नावाने कळवला जाऊ शकतो. आणि पन्नाशीनंतर पुन्हा आलेली रांजणवाडी साफ केली, तर तिच्यातून निघालेला गाळ फेकायचा नाही. तो तपासणीला जाईलच, हा नियम प्रत्येक छोट्या दवाखान्याने स्वतःला घालून घ्यावा.

मग कोणाला थांबवायचे आणि कोणाला पाठवायचे? २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, ती आठवा. एकाला झाले की घरभर होत होते, बहुधा दोन्ही डोळ्यांना, चिपडे येत होती, आणि आठ-पंधरा दिवसांत सगळे मोकळे. तशा डोळ्याला कोणी घाबरू नये. मोठ्या माणसाचा एकच डोळा, घरात दुसऱ्या कोणाला नाही, आणि तीन आठवडे उलटले तरी लाली गेलेली नाही किंवा थेंब थांबवताच परत आली, तर तो नेत्रतज्ज्ञाने यंत्राखाली पाहायचा डोळा आहे. एकाच जागी पुन्हा आलेली पापणीची गाठ, झडलेले केस, बुबुळाच्या कडेला वाढणारा किंवा रंग बदलणारा डाग, यांना तीन आठवड्यांचीही वाट पाहायची नाही. दुखणे फार असेल किंवा दिसणे कमी झाले असेल तर त्याच दिवशी पाठवायचे, मग कारण काहीही असो.

पाठवताना चिठ्ठी द्यावी. तिच्यावर कोणता डोळा, किती दिवसांपासून, गाठ असेल तर आधी कितीदा काढली आणि तपासली होती का, एवढे लिहावे. आणि आतापर्यंत घातलेल्या थेंबांच्या सगळ्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून बरोबर द्याव्यात. आजीला थेंबाचे नाव आठवत नसते. तो थेंब स्टेरॉइडचा होता की नव्हता हे बाटलीवर छापलेले असते, आणि तुकडा आज घ्यायचा की थेंब थांबवून आधी काही दिवस डोळ्याकडे पाहायचे, हे तज्ज्ञाला त्यावरूनच ठरवता येते.